सिसलिन पिनॉक चर्च बघायला निघते

सिसलिन पिनॉकने ज्या चर्चमध्ये चौतीस वर्षं काढली, ते तिने एका बाकापायी सोडलं. नव्या पाळकाने आल्या आल्या जुनी लाकडी बाकं हलवली आणि निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. त्यात डाव्या खिडकीजवळचं, तिसऱ्या रांगेतलं, वारा नेमका मानेवर देणारं तिचं बाक गेलं. एक खुर्ची तरी तिथे आली असती तर तिने चालवून घेतलं असतं. पण खुर्च्यांच्या रांगा आता तिरक्या झाल्या होत्या आणि तिच्या जागी माणसाच्या उंचीचा स्पीकर उभा होता.

तीन रविवार ती घरी बसली. कोणीतरी समजूत काढायला येणार याची तिला खात्री होती. तिने व्हरांड्यातल्या खुर्च्यांचे अभ्रे धुतले, आल्याचा केक केला, आणि रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवून रस्त्याकडे बघत बसली. कोणी फिरकलं नाही. केक तिच्या नवऱ्याने, लिनव्हलने, खाल्ला.

"चौथ्या रविवारी पण केक असेल का?" त्याने विचारलं. "नाही, म्हणजे मी त्या बेताने दुपारचं जेवेन."

"मी दुसरं चर्च बघणार आहे," सिसलिन म्हणाली.

लिनव्हल टॅक्सी चालवायचा. पिमेंटो हिलपासून खाली गावातल्या घड्याळापर्यंत त्याच्या रोजच्या वाटेवर अकरा चर्चं होती आणि त्यातल्या एकातही तो स्वतःच्या लग्नानंतर गेला नव्हता. देव आपल्याला गाडीतच भेटतो, विशेषतः वळणावर समोरून ट्रक आला की, असं त्याचं म्हणणं होतं. पण बायकोला कुठेही नेऊन सोडायला त्याची ना नव्हती.

"बघ बाई," तो म्हणाला. "फक्त त्यांना तुझ्या हॉटेलातल्या खोल्या समजू नकोस."

हे बोलणं तिला लागलं, कारण खरं होतं. सिसलिनने समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात सत्तावीस वर्षं नोकरी केली होती, शेवटची बारा मुख्य हाउसकीपर म्हणून. रोज चाळीस खोल्या तपासायच्या. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचं, चादरीचा कोपरा उचलायचा, नळाखाली वाकून बघायचं. निवृत्त झाली तरी बोट काही निवृत्त झालं नव्हतं.

पहिलं चर्च तिने सगळ्यात मोठं निवडलं. गावातल्या जुन्या थिएटरात 'विजयी जीवन केंद्र' भरायचं. गाड्या लावून द्यायला शिट्ट्या घेतलेली माणसं, आत थंडगार हवा, गादीच्या खुर्च्या, आणि पडद्यावर गाण्याचे शब्द इतके मोठे की चष्मा पर्समध्येच राहिला. स्वच्छतागृहात लिंबाचा वास होता आणि आरशावर एक डाग नव्हता. तिथे पहिल्यांदा आलेल्यांना उभं करून टाळ्या वाजवायचे आणि दारात एक हसरी मुलगी सोनेरी अक्षरांचा चहाचा मग भेट द्यायची.

"उपदेश कसा होता?" घरी आल्यावर लिनव्हलने विचारलं.

सिसलिनने बराच विचार केला. "मऊ होता," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी त्याच मुलीने तिला पुन्हा पहिल्यांदा आलेल्यांमध्ये उभं केलं, टाळ्या वाजल्या, दुसरा मग मिळाला. तिसऱ्या रविवारी सिसलिन म्हणाली, "अगं, मी मागच्या रविवारी पण आले होते." मुलगी आणखी हसली, म्हणाली, "आम्हाला फार आनंद आहे," आणि तिसरा मग दिला.

लिनव्हलने तिन्ही मग फळीवर ओळीने लावले. "आणखी तीन आण," तो म्हणाला, "म्हणजे अर्धा डझनाचा सेट होईल. मध्येच सोडून कसं चालेल?"

"मी काय मगासाठी चर्चला जाते का?"

ती रागावलीच. पण सहा रविवार गेली. सहावा मग हातात पडल्यावर मात्र तिला एकदम अवघडल्यासारखं झालं. सहा आठवडे त्या गर्दीत आपण दर वेळी नव्याने आलो आणि दर वेळी कोणालाही न कळता गेलो, हे मगावरच्या सोनेरी अक्षरांकडे बघताना तिच्या ध्यानात आलं. सातव्या रविवारी ती गेली नाही. तेही कोणाला कळलं नाही.

मग ती शनिवारवाल्यांकडे, म्हणजे रविवारऐवजी शनिवारी उपासना करणाऱ्यांकडे, गेली. त्यांच्याकडे उपासनेनंतर सगळे एकत्र जेवत आणि जेवण असं असायचं की लिनव्हलसाठी तिने डब्यात बांधून आणलं. पण शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, आणि दुसऱ्याच खेपेला धर्मशिक्षणाच्या तासात तिच्या मनात रताळ्याचा भाव चाललेला असताना कोणीतरी तिला संदेष्ट्यांबद्दल प्रश्न विचारला. तिने काय उत्तर दिलं हे तिने लिनव्हललासुद्धा सांगितलं नाही. त्यानंतर एके ठिकाणी बायकांनी टोप्या फार मोठ्या घातल्या होत्या, एके ठिकाणी अर्पणाची थाळी दोनदा फिरली, आणि एके ठिकाणी सगळं उत्तम होतं पण पाळकाची बायको तिच्याकडे बघून हवं तसं हसली नाही.

"गावातली संपत आली," लिनव्हल म्हणाला. "आता दुसऱ्या गावात जायचं तर पेट्रोलचं बघावं लागेल."

आणि मग एका रविवारी टॅक्सी सुरूच होईना. लिनव्हल बॉनेट उघडून गाडीशी बोलत बसला. सिसलिन नटून तयार झाली होती, मोज्यांपासून टोपीपर्यंत. तेवढा थाट वाया घालवायचा तिचा स्वभाव नव्हता. चालत जाण्याजोगं एकच चर्च होतं, आणि ते तिने आजवर मुद्दाम मोजलं नव्हतं: टेकडीवरच्या खडबडीत रस्त्याच्या टोकाला, सिमेंटच्या विटांचं, पत्र्याच्या छपराचं गिलाद चॅपेल.

आत चौदा माणसं होती. सिसलिनने मोजली. भाऊ परसिव्हल नावाचे ऐंशीला टेकलेले गृहस्थ ढोल वाजवत होते आणि गाणाऱ्यांची वाट न बघता पुढे जात होते. सिस्टर आयोनीने प्रार्थना केली ती आफ्रिकेपासून सुरू झाली, राजकारण्यांवरून गेली आणि गावातल्या आजाऱ्यांपाशी पोहोचेस्तोवर एक आजारी उठून बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. पाळक ऑर्विल डेकर्स आठवडाभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करायचे. त्यांनी योनावर, म्हणजे बायबलमधल्या मोठ्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्यावर, उपदेश केला, मध्यावर कागदांची पानं उलटीपालटी झाली, आणि योना माशाच्या पोटातून बाहेर आल्यावर पुन्हा एकदा आत गेला. शेवटी चहा. चहा कोमट. टेबलावरचं कापड चुरगळलेलं.

दाराशी पाळकांनी तिचा हात हातात घेतला. "आलात, बरं वाटलं सिस्टर. कसं वाटलं आमच्याकडे?"

इतक्या चर्चांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. सिसलिनने उत्तर दिलं. उभ्या उभ्या वीस मिनिटं दिलं. ढोल, प्रार्थना, योनाचं दोनदा गिळलं जाणं, चहा, खिडकीच्या कठड्यावरची धूळ, सगळं क्रमाने. पाळकांनी कानावरची पेन्सिल काढून एका कागदावर लिहून घेतलं. शेवटी ती टेबलावरच्या कापडावर आली.

"असलं कापड मी घरात फरशी पुसायलासुद्धा घेणार नाही," ती म्हणाली.

"खरंय तुमचं," पाळक म्हणाले. ते आत गेले, कापड काढलं, घडी करून तिच्या हातात ठेवलं. "पुढच्या रविवारी इस्त्री करून आणाल का? आमच्यात कोणाला जमत नाही."

सिसलिन ते कापड घेऊन टेकडी उतरली तेव्हा संतापाने तिच्या टोपीवरची फुलं हलत होती.

"मी पाहुणी म्हणून गेले होते," तिने लिनव्हलला सांगितलं. "पाहुण्याच्या हातात कोणी धुणं देतं?"

"मग दिलं म्हणून घेतलंस कशाला?"

"तू ते कापड बघितलं नाहीस."

तिने कापड भिजत घातलं, खळ दिली, आणि अशी इस्त्री केली की ते टेबलावर ठेवलं तर कोपरे हवेत उभे राहिले असते. आता ते परत करायला जायला हवं होतं. दुसऱ्या रविवारी तिने पाळकांना चहाबद्दल पुन्हा सुनावलं, तर त्यांनी तिला चहाच्या कपाटाची किल्ली दिली. तिसऱ्या रविवारी ती खिडक्यांबद्दल काही बोलणारच होती, पण त्यांचा हात खिशाकडे जाताना बघून गप्प बसली. तरीही महिन्याभरात खिडक्या तिच्याकडे आल्या.

"सभासद झालीस की काय?" लिनव्हल विचारायचा.

"छे. मी अजून बघतेय," सिसलिन म्हणायची, आणि शनिवारी दुपारी आल्याच्या केकची दोन भांडी भट्टीत सरकवायची. एक घरचं, एक टेकडीवरचं.

जून महिन्यात एका रविवारी गिलादच्या दाराशी एक पांढरी गाडी थांबली. मिसेस लॉरेल व्हिटिंगहॅम तीस वर्षं इंग्लंडात राहून नुकत्याच परतल्या होत्या आणि त्यांनी वरच्या अंगाला तीन मजली घर बांधलं होतं. उपासनाभर त्यांची मान सरळ होती. उपासना झाल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या. सिसलिन किटली घेऊन उभी होती तिथून तिला सगळं दिसत होतं. मिसेस व्हिटिंगहॅमनी हातमोजा काढला आणि कठड्यावरून एक बोट फिरवलं.

सिसलिनने किटली दोन्ही हातांनी धरली. बोट स्वच्छच निघालं. ते तसं निघणारच होतं.

"चहा जरा जास्त उकळला आहे," मिसेस व्हिटिंगहॅम कप ठेवत म्हणाल्या. "आणि केकमध्ये आलं फार. गाणं तर, माफ करा, पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कोणी थांबवत का नाही?"

सत्तावीस वर्षांची सवय सिसलिनच्या तोंडून बोलली. "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, मॅडम."

"आम्ही अजून बघतोय," मिसेस व्हिटिंगहॅम म्हणाल्या. "हे सातवं. सगळीकडे काहीतरी कमी आहेच."

गाडी निघून गेल्यावर सिसलिन किटलीसकट पाळकांकडे गेली.

"तुम्ही तिथेच उभे होतात. ऐकलंत ना? परसिव्हलबद्दल काय म्हणाली ऐकलंत ना? पंचेचाळीस वर्षं वाजवतोय तो माणूस. आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलणार?" पाळक म्हणाले. "तुम्ही आलात तेव्हाही मी काही बोललो नव्हतो."

सिसलिन कप विसळायला निघून गेली. त्या दिवशी ती दुपारी जेवली नाही. लिनव्हलने दोनदा विचारल्यावर तिने सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला घोटभर पाणी द्यावं लागलं.

"तू पहिल्या दिवशी अगदी असंच केलं होतंस?"

"अगदी असं नाही," सिसलिन म्हणाली. "माझ्या हातात मोजा नव्हता."

जुलैमध्ये, जेव्हा तिने त्यांची वाट बघणं केव्हाच सोडून दिलं होतं, तेव्हा जुन्या चर्चची माणसं आली. नवे पाळक ग्रँडिसन आणि समितीतल्या दोन बायका. व्हरांड्यातल्या अभ्र्यांवर ते बसले. ग्रँडिसन तरुण, देखणे, घामाने भिजलेले होते. त्यांच्या हातात एक छापील कागद होता.

"सिस्टर पिनॉक, जे सोडून गेलेत त्या सगळ्यांना आम्ही भेटतोय. तुम्ही यादीत एकोणिसाव्या आहात." त्यांनी कागद पुढे केला. "इथे एक ते पाच गुण द्यायचे. उपदेश, संगीत, बसण्याची व्यवस्था, स्वागत. म्हणजे आम्हाला सुधारता येईल."

सिसलिनने कागद हातात घेतला. असले कागद तिने सत्तावीस वर्षं पाहुण्यांच्या उशांवर ठेवले होते आणि ते भरून आल्यावर कुठे जातात हेही तिला ठाऊक होतं. ते पेन्सिलीला टोक काढताना खाली धरायला जात.

"तुमचं बाक आम्ही परत आणलंय," समितीतली एक बाई म्हणाली. "गोदामातून शोधून काढलं. खिडकीपाशीच ठेवू. वर गादी टाकू."

सात महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर सिसलिन त्याच पावली उठून गेली असती. आताही तिचं मन हललं. ते बाक तिला आठवलं, मानेवरचा वारा आठवला. तिच्या आईला त्याच चर्चच्या आवारात पुरलं होतं.

"आणि तिथे मला काम काय असेल?" तिने विचारलं.

पाळकांनी दोन्ही हात पसरले. "काहीही नाही, सिस्टर. तुम्ही पुष्कळ केलंत. आता नुसतं यायचं आणि आरामात बसायचं."

"नुसतं बसायला मला हा व्हरांडा आहे, पास्टर," सिसलिन म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. तिने त्यांना बर्फ घालून लिंबाचं सरबत दिलं, केक दिला, आईच्या थडग्यावरचं गवत कापलं जातं ना ते विचारून घेतलं, आणि कागद कोराच परत केला. जाताना त्या बाईने केकची कृती मागितली.

त्यानंतरच्या रविवारी सिस्टर आयोनीचा घसा बसला होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात मंगळवारी राजधानीत, किंग्स्टनला, भाऊ परसिव्हलच्या हृदयावर शस्त्रक्रिया होती. परसिव्हल नेहमीसारखे ढोलापाशी बसले होते, कोट घालून, जणू गाडी आताच यायची आहे.

पाळकांनी सगळ्यांकडे बघितलं. "भावासाठी प्रार्थना करायची आहे. सिस्टर पिनॉक, तुम्ही करा."

सिसलिनला वाटलं आपल्याला चुकीचं ऐकू आलं. आजवर तिने शेकडो प्रार्थनांना मनात गुण दिले होते. कोणती लांबली, कोणती पोकळ होती, कोण देवापेक्षा शेजाऱ्याला ऐकवत होतं, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. स्वतः चारचौघांत एकही केली नव्हती. ती उभी राहिली. पत्रा तापून तडतडत होता. तिला एकही वचन आठवेना.

"प्रभू," ती म्हणाली, आणि थांबली. इतकी थांबली की कोणीतरी खोकलं.

"प्रभू, परसिव्हल मंगळवारी जातोय. त्याला चांगली खोली मिळू दे. चादर रोज बदलू दे. डॉक्टरांनी हात नीट धुवावेत, घाईघाईत नाही, कोपरापर्यंत. नर्स चिडकी नको. जेवण गरम मिळू दे, कारण गार जेवण तो खात नाही, तसंच ठेवतो." पुन्हा ती थांबली. "आणि त्याला परत आण. बाकी तुला माहीत आहे. आमेन."

"आमेन," तेरा जण म्हणाले. सिस्टर आयोनीचा नुसताच श्वास ऐकू आला.

खाली बसल्यावर सिसलिनचे कान तापले होते. हिच्यापेक्षा वाईट प्रार्थना तिने कुठल्याच चर्चमध्ये ऐकली नव्हती. परसिव्हल तिच्याकडे वाकले.

"मला अर्धंच ऐकू आलं, सिस्टर," ते म्हणाले. "पण चादरीचं म्हणालीस ते बरं केलंस. मला त्याचीच काळजी होती."

मंगळवारी पहाटे लिनव्हलची टॅक्सी निघाली. पुढे परसिव्हल, मागे सिसलिन, तिच्या मांडीवर धुऊन इस्त्री केलेल्या चार चादरी, दोन अभ्रे आणि साबणाची वडी. लिनव्हलने किंग्स्टनपर्यंत दोनदा विचारलं की इस्पितळात चादरी असतात हे तिला माहीत आहे का. तिने दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

वॉर्डच्या दाराशी नर्सने त्यांना अडवलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"आम्ही एका चर्चचे," सिसलिन म्हणाली, आणि नर्स पुढचं काही विचारायच्या आत तिने पलंगाच्या पायथ्याशी जाऊन गादीचा कोपरा उचलून बघितला. गादी स्वच्छ होती. तिने नर्सला तसं सांगितलंही, आणि नर्सचा चेहरा जरा निवळला. मग दोघींनी मिळून पलंगावर घरची चादर घातली, तेव्हा कोपरा कसा दुमडायचा यावरून त्यांचं थोडं वाजलं, आणि शेवटी नर्सची पद्धत बरी निघाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. परसिव्हल सहा आठवड्यांनी टेकडीवर परत आले, बारीक झालेले, पण गाणाऱ्यांच्या पुढे जायची घाई तेवढीच. मिसेस व्हिटिंगहॅम त्या दिवशी पुन्हा आल्या होत्या, कारण बाकीची दहा बघून झाली होती. उपासना संपल्यावर त्या सिसलिनपाशी येऊन म्हणाल्या की आवारातली फुलझाडं कोणी छाटलेली दिसत नाहीत.

"नाही ना," सिसलिन म्हणाली आणि त्यांच्या हातात ठेवायला कपाटात कात्री शोधायला लागली.